‘आवडली नाही’ वेगळं आणि ‘बिघडलीय’ वेगळं: क्राफ्ट बिअर चाखायची कशी आणि तिच्यावर लिहायचं कसं

पुण्यात मुंढवा-कोरेगाव पार्कच्या पट्ट्यातल्या कुठल्याही मायक्रोब्रुअरीचे रिव्ह्यू उघडा, बिअरबद्दल फिरून फिरून तीनच वाक्यं सापडतात: ‘एकदम स्मूथ’, ‘लई कडू, पैसे पाण्यात’ आणि ‘अँबियन्स भारी पण पार्किंगची बोंब’. यातलं तिसरं त्यातल्या त्यात कामाचं, कारण त्यात काहीतरी माहिती तरी आहे. स्मूथ म्हणजे नक्की काय, कुठली बिअर, कडू होती तर ती मुळात कडूच असायला हवी होती का, हे कोणीच सांगत नाही. त्यामुळे वाचणाऱ्याला काही कळत नाही आणि ज्याने ती बनवली त्या बिचाऱ्या ब्रुअरलाही नाही.

तर बिअर चाखायची कशी आणि चाखून झाल्यावर लिहायचं काय, हे जमेल तितकं सोपं करून सांगतो. माझं म्हणणं एकच आहे: ‘मला आवडली नाही’ आणि ‘ही बिअर बिघडलेली आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि रिव्ह्यू लिहिणाऱ्याला आपण कुठलं वाक्य लिहितोय हे माहीत पाहिजे. बाकी सगळं त्यासाठीची तयारी.

आधी ‘क्राफ्ट बिअर’ आणि ‘इंडिपेंडंट ब्रुअरी’ या शब्दांचं प्रकरण उरकू. अमेरिकेत ब्रुअर्स असोसिएशन नावाची संघटना आहे, तिच्या हिशेबात क्राफ्ट ब्रुअर म्हणजे वर्षाला ६० लाख बॅरलपर्यंत बिअर बनवणारा आणि ज्याच्या मालकीत बाहेरच्या (म्हणजे स्वतः क्राफ्ट नसलेल्या) दारू कंपनीचा हिस्सा २५ टक्क्यांच्या खाली आहे असा. आता एक अमेरिकन बॅरल साधारण ११७ लिटरचं, म्हणजे ६० लाख बॅरल झाले ७० कोटी लिटर, याला ‘छोटा’ म्हणायचं म्हणजे कमालच आहे, पण ते असो. महत्त्वाची आहे ती २५ टक्क्यांची अट. शिकागोची गूस आयलंड ब्रुअरी २०११ मध्ये एबी इनबेव्ह या जगातल्या सगळ्यात मोठ्या बिअर कंपनीने ३ कोटी ८८ लाख डॉलरला घेतली, त्या दिवशी टाकीत जी बिअर होती ती रातोरात बदलली नाही, पण ब्रुअरी इंडिपेंडंट राहिली नाही. म्हणजे इंडिपेंडंट हा शब्द मालक कोण ते सांगतो, चव कशी ते सांगत नाही. छोट्या ब्रुअरीची बिअर भंगार असू शकते आणि मोठ्या कंपनीची लागर (आपली नेहमीची पिवळी बिअर) एकदम निर्दोष असू शकते. लागर निर्दोष बनवणं तर फार अवघड काम आहे, त्यात लपवायला जागाच नसते.

आपल्याकडे हे सगळं तसं अलीकडचं. २००९ मध्ये पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली, २०१० मध्ये बेंगळुरूला टॉइट आली, मग पुण्यात इंडिपेंडन्स, एफिंगट, ग्रेट स्टेट, मुंबईच्या बाजूला गेटवे, गोव्यात गोवा ब्रुइंग कंपनी वगैरे. त्याआधी आपल्याला चॉइस म्हणजे माइल्ड की स्ट्राँग, आणि अजूनही खपाचा मोठा भाग स्ट्राँगचाच आहे. या सवयीचा चाखण्यावर परिणाम होतो. स्ट्राँगवर वाढलेली जीभ वीट बिअरला (व्हीट, म्हणजे गव्हाची) ‘पाणी’ म्हणते आणि आयपीएला (इंडिया पेल एल, भरपूर हॉप्सवाली) ‘काढा’. यात जिभेचा दोष नाही, पण रिव्ह्यू लिहिताना आपण कुठून आलोय ते लक्षात असलेलं बरं.

आता ग्लासात असतं काय? पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. चव कुठून आली हे ओळखायला एवढ्या चारांची तोंडओळख पुरते.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातू, म्हणजे बार्ली. वाळवताना किती भाजलं त्यावर रंग आणि चव ठरते: हलकं वाळवलं तर पाव, बिस्किट, लाह्या, जास्त भाजलं तर टोस्ट, कॅरमल, काकवी, आणि पार काळं केलं तर कॉफी, कडू चॉकलेट. काळी बिअर म्हणजे स्ट्राँग बिअर हा गैरसमज इथेच सोडा, काळा रंग थोड्याशा काळ्या माल्टने येतो, अल्कोहोलशी त्याचा संबंध नाही. आयर्लंडची साधी काळी ड्राय स्टाउट साधारण ४ ते ५ टक्क्यांची असते, आपल्या ठेक्यावरची पिवळी स्ट्राँग ८ टक्क्यांपर्यंत जाते.

हॉप्स ही एका वेलाची फुलं. ती माल्टच्या उकळत्या रसात तासभर टाकली की त्यातली अल्फा ॲसिडं बदलतात आणि कडवटपणा येतो, शेवटी टाकली किंवा आंबवून झाल्यावर थंड बिअरमध्ये टाकली (याला ड्राय हॉपिंग म्हणतात) तर कडूपणा कमी आणि वास जास्त. म्हणून काही आयपीए नाकाला आंब्याच्या पेटीसारख्या लागतात आणि तरी फारशा कडू नसतात. मेनूवर आयबीयू लिहिलेलं असतं ते या कडवटपणाचं माप. वीट बिअर ८ ते १५, अमेरिकन आयपीए ४० ते ७०. पण हा आकडा जिभेचा नाही, मशीनचा आहे, सोबत गोडवा किती आहे ते त्यात येत नाही, त्यामुळे ४० आयबीयूची गोडसर स्टाउट ४० च्या कोरड्या पिल्सनरपेक्षा (फिकट, कडवट लागर) बरीच मऊ लागते.

यीस्टला, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवाला, लोक सगळ्यात कमी भाव देतात आणि खरी गंमत तिथेच आहे. ढोबळमानाने दोन जाती, आणि त्यावरून बिअरचेही दोन गट: एल आणि लागर. एलचं यीस्ट १५ ते २४ अंशांच्या आसपास काम करतं, पटापट, आणि जाता जाता फळांचे, मसाल्याचे वास सोडतं. लागरचं यीस्ट ७ ते १३ अंशांच्या थंडीत हळूहळू काम करतं आणि मागे फार काही सोडत नाही. जर्मन पद्धतीच्या वीट बिअरमध्ये, म्हणजे हेफेवायझनमध्ये, केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो ना, त्यात केळंही नसतं आणि लवंगही नसते, दोन्ही यीस्टची करामत. केळं येतं आयसोअमाइल ॲसिटेट नावाच्या पदार्थामुळे, तोच पदार्थ पिकलेल्या केळ्यात असतो. बेल्जियन विटबिअर मात्र वेगळी, त्यात खरोखरच धणे आणि संत्र्याची साल टाकतात. आपल्याकडे मेनूवर दोन्ही ‘वीट बिअर’ म्हणून शेजारी शेजारी असतात आणि लोक एकीत दुसरी शोधत बसतात.

पाण्याबद्दल एवढंच सांगतो की चेकियातल्या पिल्सनचं मऊ पाणी फिकट पिल्सनरला मानवलं आणि इंग्लंडातल्या बर्टनचं जिप्समवालं जड पाणी कडक पेल एलला (फिकट रंगाची एल). आता बहुतेक ब्रुअरी पाणी शुद्ध करून हवे ते क्षार मोजून घालतात.

चला, आता ग्लास हातात घेऊ. पहिली अडचण थंडी. आपल्याकडे बिअर चिल्ड हवी, मग फ्रीझरमधला बर्फाळलेला मग हवा, त्यात ओतली की वर बर्फाचे कण तरंगतात आणि सगळे खूश. घसा गार करायला ठीक आहे, पण चाखायला हे सगळ्यात वाईट. वास म्हणजे हवेत उडणारे कण, आणि थंडीत ते उडतच नाहीत. साधारण हिशेब असा ठेवा: लागर ४ ते ७ अंश, वीट बिअर त्याच्या किंचित वर, आयपीए ७ ते १०, स्टाउट १० ते १३. थर्मामीटर घेऊन जाऊ नका, लोक हसतील. साधा ग्लास मागा, आणि स्टाउट आली की दहा मिनिटं तशीच ठेवा. वेटर दोनदा येऊन विचारेल की सर काही प्रॉब्लेम आहे का, सांगा नाही.

ग्लास स्वच्छ आहे का ते बघा. आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले असतील तर तिथे तेल किंवा साबण राहिलाय, तो फेसही मारतो. स्वच्छ ग्लासात घोट घेत गेलात की फेसाची जाळी भिंतीवर कड्याकड्याने उरते. फेस म्हणजे ‘कमी भरला’ असं समजून भांडू नका, दोन बोटं फेस हवाच, वास वर आणायचं काम तोच करतो.

मग नाक. घोट घ्यायच्या आधी, आणि ओतल्या ओतल्या, कारण सगळ्यात नाजूक वास पहिल्या मिनिटात निघून जातात. एक लांब श्वास ओढण्यापेक्षा दोन-तीन छोटे हुंगा, थांबा, परत हुंगा. नाक फार लवकर सरावतं, म्हणून काही येईनासं झालं तर स्वतःच्या मनगटाचा किंवा बाहीचा वास घ्या आणि परत ग्लासाकडे या, मूर्खपणा वाटतो पण चालतो. जे आठवेल ते लिहा, आणि आपल्या घरातलं लिहा. इंग्रजी रिव्ह्यूमधून ग्रेपफ्रूट आणि पाइन रेझिन उचलून लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यातल्या अर्ध्यांनी ग्रेपफ्रूट सोललेलं नसतं. पपनस खाल्लंय ना, मग पपनस लिहा. देवघरातल्या धुपासारखं वाटलं तर धूप लिहा. भिजवलेले गहू, ओली कणीक, करपलेला गूळ, आमसूल, हापूसची साल, कैरीचा चीक, सुंठ, भाजलेले शेंगदाणे, हे सगळं बिअरमध्ये सापडतं.

आता घोट. तोंडभर घ्या, जिभेवर फिरवा आणि गिळा. वाइनवाले थुंकतात, बिअरवाले सहसा थुंकत नाहीत, कारण कडवटपणा गिळल्यानंतर खरा उघडतो आणि शेवट कसा होतो हे बिअरमध्ये फार महत्त्वाचं. गिळल्यावर तोंड बंद ठेवून नाकाने श्वास बाहेर सोडा. आपण ‘चव’ म्हणतो त्यातला मोठा भाग हा घशामागून नाकात चढणारा वासच असतो. खात्री करायची असेल तर नाक चिमटीत धरून घोट घ्या, फक्त गोड-कडू-आंबट कळेल, मग नाक सोडा, केळं-आंबा-कॉफी एकदम येईल. जिभेच्या टोकाला गोड आणि मागेच कडू असा जो नकाशा शाळेत शिकवायचे तो चुकीचा आहे, सगळ्या चवी जिभेवर जवळजवळ सगळीकडे कळतात.

चवीसोबत तोंडातला स्पर्शही लिहायचा. पातळ की भरीव, गॅस टोचणारा की मऊ, आणि मुख्य म्हणजे कडू की तुरट. या दोघांची गल्लत फार होते. कडू म्हणजे कारलं, मेथी. तुरट म्हणजे जांभूळ खाल्ल्यावर जीभ सुकते, गाल आत ओढले जातात ते. कडूपणा हॉप्सचा, बऱ्याचदा मुद्दाम आणलेला. तुरटपणा बऱ्याचदा सातूच्या टरफलातून येतो, धान्य फार गरम पाण्याने किंवा फार वेळ धुतलं की, आणि तो सहसा कोणी मुद्दाम आणत नाही. ‘लई कडू’ लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना प्रत्यक्षात तुरट लागलेलं असतं असा माझा संशय आहे.

क्रम ठेवा: हलक्याकडून जडाकडे, कमी कडवटकडून जास्त कडवटकडे. आयपीए आधी घेतली की नंतरची पिल्सनर पाणीच लागणार. मधे साधं पाणी आणि कोरडा पाव. चखणा नंतर, आणि हे सांगताना मलाही जड जातं, पण मसाला शेंगदाणे नि चिली चिकन खाऊन आयपीएवर मत देऊ नका, तिखट आणि कडू एकमेकांना चढवतात. सॅम्पलर ट्रे घेत असाल तर चार-पाच छोट्या ग्लासांनंतर जीभ आणि डोकं दोन्ही उदार होतात, सगळंच छान लागायला लागतं. आणि १०० मिलीचे सहा ग्लास म्हणजे ६०० मिली बिअर, हे लक्षात ठेवून रिक्षाने जा. गाडी चालवणाऱ्यासाठी आपल्याकडे मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढीच आहे.

आता मुख्य भाग, बिअर चांगली की वाईट हे ठरवायचं कसं. पहिला प्रश्न: ही काय व्हायला निघाली होती? उपवासाच्या साबुदाणा खिचडीत कांदा नाही म्हणून कोणी मार्क कापत नाही, पण हेफेवायझन गढूळ आहे म्हणून लोक एक स्टार कापतात. ती गढूळच असते, हेफे म्हणजे यीस्ट, ते आत ठेवायचंच असतं. तोच गढूळपणा पिल्सनरमध्ये दिसला तर मात्र शंका घ्यायला हवी. तेच केळ्याचं. हेफेवायझनमध्ये केळं नाही आलं तर काहीतरी हुकलंय, आणि लागरमध्ये केळं आलं तर यीस्टला गरम झालं होतं. पदार्थ तोच, रेणू तोच, एका ग्लासात गुण आणि दुसऱ्यात दोष. आंबटपणाचंही तसंच, लाइपझिगची गोझे आंबट आणि वर खारटही असते, त्यात मीठ आणि धणे असतात, ती सोलकढीसारखी लागली म्हणून परत पाठवू नका. जर्मनीतल्या बांबर्गची राउखबिअर धुराच्या वासाची असते कारण माल्टच धुरावर वाळवतात, पण तुमच्या वीट बिअरला धूर किंवा दवाखान्याचा वास आला तर कुठेतरी घोळ झालाय.

म्हणून मेनूवर स्टाइल वाचा, माहीत नसेल तर विचारा, फोनवर दोन ओळी बघून घ्या. बीजेसीपी नावाची अमेरिकेतली संस्था आहे, १९८५ पासून बिअरच्या परीक्षकांना तयार करते, तिने प्रत्येक स्टाइलमध्ये काय हवं, काय चालेल, काय नको हे लिहून फुकट उपलब्ध ठेवलंय. त्याला वेद मानू नका, पण घासून बघायला काहीतरी हवं ना.

दोष मोजके चार-पाच ओळखता आले तरी तुमचा रिव्ह्यू शंभरात उठून दिसेल.

लोण्याचा वास, म्हणजे डायअसिटिल. मल्टिप्लेक्समध्ये शिरल्या शिरल्या पॉपकॉर्नचा जो वास येतो तो, कारण बटर फ्लेवरमध्ये हाच पदार्थ वापरला जायचा. आंबताना हा थोडा तयार होतोच, पण यीस्टला शेवटी दोन-तीन दिवस जरा उबेत निवांत राहू दिलं तर तेच तो परत खाऊन टाकतं. वीकेंडला टाकी रिकामी व्हायच्या भीतीने घाई केली की तो राहतो. किंवा टाकीतली बिअर ठणठणीत असते आणि टाकीपासून नळापर्यंतच्या नळ्या धुतलेल्या नसतात, त्यात बॅक्टेरिया वाढतात आणि तेही हाच पदार्थ सोडतात. एका पबमध्ये (नाव नको) लागर आणि एल, एकमेकींशी संबंध नसलेल्या, दोन्हींना तोच पॉपकॉर्न वास आणि मागे हलका आंबटपणा, जीभ तुपकट झाल्यासारखी. तेव्हा मनात पहिलं नाव नळीचं आलं पाहिजे, ब्रुअरचं नंतर. मजा म्हणजे काही लोकांना हा वास कितीही असला तरी येत नाही, नाकाची घडणच तशी असते, त्यामुळे शेजारचा मित्र ‘मस्त आहे की’ म्हणाला तर तो खोटं बोलत नसेल.

उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास, डीएमएस. फिकट माल्टमधून येतो आणि जोरात, झाकण उघडं ठेवून उकळलं की वाफेबरोबर जातो. उकळी मंद असली किंवा रस थंड करायला वेळ लागला तर राहतो. फिकट लागरमध्ये पुसटसा चालतो, कणसाच्या गाडीजवळ उभं असल्यासारखं वाटलं तर नाही चालत.

हिरव्या सफरचंदाचा वास, ॲसिटाल्डिहाइड. बहुतेक वेळा बिअर कच्ची असताना ओढली याची खूण.

ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे ऑक्सिजन लागला किंवा जुनी झाली. हे कॅन आणि बाटलीत जास्त. हॉप्सवाल्या बिअरची यात सगळ्यात जास्त वाट लागते, आंबा-पपनस निघून जातं आणि मागे शिळा गोडवा उरतो, रंगही मळकट होतो. मे महिन्यात टेम्पोतून फिरलेला आणि मग दुकानात फ्रीजबाहेर रचलेला कॅन घेऊन ‘ओव्हररेटेड आयपीए’ लिहिणं ब्रुअरीवर अन्याय आहे. कॅनखालची तारीख बघा, ती रिव्ह्यूत लिहा, आणि दुकान उन्हाळ्यात कसं साठवतं तेही लिहिलंत तर फारच छान.

शेवटचा उन्हाचा. प्रकाश पडला की हॉप्समधले कडू पदार्थ तुटतात आणि एक गंधकी, जळक्या रबराच्या जवळ जाणारा वास तयार होतो. तपकिरी बाटली बरंचसं थोपवते, हिरवी आणि पारदर्शक फारसं नाही, कॅन पूर्ण. आणि यासाठी महिने लागत नाहीत, थेट उन्हात ग्लासात काही मिनिटांत सुरू होतं. गोव्यात शॅकवर दुपारी बसून निवांत घोट घेत असाल तर शेवटचा अर्धा ग्लास सुरुवातीच्या अर्ध्यासारखा नसतो. छत्रीखाली ठेवा.

आयपीएचा विषय निघालाच आहे तर एक भाबडी गोष्टही काढून टाकू. भारतात येईपर्यंत बिअर टिकावी म्हणून हॉप्स वाढवून आयपीए ‘शोधली’ असं सगळ्या मेनूंवर लिहिलेलं असतं. लंडनच्या बो ब्रुअरीचा जॉर्ज हॉजसन ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या गोदीजवळ होता, त्याची पेल एल मुंबई-कलकत्त्याला जायची हे खरं, पण जास्त हॉप्सवाली पेल एल इंग्लंडात आधीपासून होती आणि त्याच जहाजांतून काळी पोर्टरही भरपूर यायची आणि तीही टिकायची. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव छापील स्वरूपात सापडतं ते १८२९ मधल्या सिडनीच्या एका वर्तमानपत्रात, म्हणजे ना लंडन ना मुंबई.

आता लिहायचं. बीजेसीपीची गुणपत्रिका ५० मार्कांची असते: वास १२, दिसणं ३, चव २०, तोंडातला स्पर्श ५ आणि एकूण मत १०. दिसण्याला फक्त ३, म्हणजे इन्स्टावरच्या फोटोची लायकी ५० पैकी ३, हे मला फार आवडतं. आणि तुमची आवडनिवड शिरायला जागा शेवटच्या १० मध्येच, तीही स्टाइल सांभाळून. ॲपवरच्या पाच स्टारमध्ये हे सगळं एकत्र कालवलं जातं, म्हणून तिथे जड, गोड, जास्त अल्कोहोलच्या स्टाउट आणि डबल आयपीए वर चढतात आणि नेटकी लागर बिचारी साडेतीनवर रखडते. स्टार द्यायला हरकत नाही, फक्त स्वतःची नोट आधी लिहा आणि बाकीच्यांचे आकडे नंतर बघा.

‘मस्त, स्मूथ, रिफ्रेशिंग, ४/५’ याऐवजी असं काहीतरी लिहा:

‘हेफेवायझन, टॅपवरून, ३३० मिली, गुरुवार संध्याकाळ, साध्या ग्लासात. रंग पिवळा-केशरी, गढूळ, फेस पांढरा आणि अर्धा ग्लास होईपर्यंत टिकला. सुरुवातीला वास फक्त वेलची केळ्याचा, दहा मिनिटांनी लवंग आली, खाली ओल्या कणकेसारखं. चव वासापेक्षा पातळ, गव्हाचा भरीवपणा हवा होता तेवढा नाही. कडवटपणा जवळजवळ नाही, तो या स्टाइलला बरोबर. गिळल्यावर गालाच्या आत किंचित तुरट, हे नको होतं. बिघडलेली नाही. मला केळं आवडतं म्हणून परत घेईन, ज्याला केळं नको त्याने इथली पिल्सनर बघावी.’

यात दोष कुठला, स्टाइल कुठली आणि माझी आवड कुठली हे तिन्ही वेगळं दिसतं, ब्रुअरला तुरटपणाचा धागा मिळतो आणि वाचणाऱ्याला घ्यायची की नाही ते ठरवता येतं.

आणि रिव्ह्यू लिहिणाऱ्याचं इंडिपेंडंट असणं? त्यावर कमी बोललं जातं. रेटबिअर ही २००० साली सुरू झालेली साइट, जगभरचे लोक तिथे बिअरला मार्क द्यायचे. तिच्यात एबी इनबेव्हच्याच एका शाखेने गुपचूप हिस्सा घेतला होता, ते २०१७ मध्ये बाहेर आलं तेव्हा डॉगफिश हेडसारख्या इंडिपेंडंट ब्रुअरीने सांगितलं की आमच्या बिअर यादीतून काढा. पुढे कंपनीने ती साइट पूर्ण घेतली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद झाली. आपल्या पातळीवर हे छोटं असतं: ब्रुअर ओळखीचा झाला, टाकीतून थेट एक ग्लास काढून दिला, बिल लावलं नाही. घ्या की, छान वाटतं, पण लिहिताना तेवढं एक वाक्य टाका की हा ग्लास फुकट होता. आणि काही बिघडलेलं वाटलं तर लिहायच्या आधी तिथेच काउंटरवर सांगा. चांगल्या ठिकाणी ग्लास बदलून देतात आणि मागे जाऊन नळी बघतात, कुठे ‘सर क्राफ्ट बिअर अशीच असते’ असं ऐकवतात, आणि ते उत्तर मात्र रिव्ह्यूत जसंच्या तसं लिहायचं.

मायक्रोब्रुअरीत प्रत्येक टाकी वेगळी, त्यामुळे तारीख नसलेली नोट महिनाभरात निरुपयोगी होते. परत गेलात आणि चव वेगळी लागली तर जुनी नोट खोडू नका, तिच्याखाली नवीन तारीख टाकून नवीन लिहा.